राखी सुटली, चकली अडकली

12 डिसेंबर 2019 रोजी भारत सरकारने राखीला सोडून दिलं. विदेश व्यापार महासंचालनालयाने त्या दिवशी एक अधिसूचना काढली की परदेशातून टपालाने किंवा कुरियरने येणारा माल यापुढे 'भेट' म्हणून सोडवता येणार नाही, पूर्ण सीमाशुल्क भरा आणि न्या. तोवर पाच हजार रुपयांपर्यंतची भेट बिनशुल्क यायची. या सवलतीचा वास चीनमधल्या ऑनलाइन दुकानदारांना लागला होता आणि ते भारतातल्या अनोळखी माणसांना अतिशय प्रेमाने मोबाइलची कव्हरं नि टी-शर्ट 'भेट' पाठवत होते. एवढं प्रेम सरकारला सोसवेना. दार लावलं. लावताना दोन फटी तेवढ्या ठेवल्या, एक जीवरक्षक औषधांसाठी आणि दुसरी राखीसाठी. राखीपुढे कंस टाकून वर बजावलं, की राखीसोबतच्या भेटवस्तू यात धरू नयेत.

त्या कंसाचं मला फार कौतुक वाटतं. दिल्लीतल्या कुठल्याशा कचेरीत फाईल पुढे सरकत असताना कोणीतरी हात वर करून म्हटलं असणार, "साहेब, राखीचं काय?" मग चर्चा झाली असणार. शंभर रुपयांपर्यंतचं शुल्क वसूलच करू नये असं 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या 25 व्या कलमात आहे, त्याच्या आडोशाला राखीला बसवलं. तेवढ्यात दुसऱ्या कोणालातरी शंका आली असणार की बहीण राखीबरोबर घड्याळ पाठवील. त्याला स्वतःला तसं घड्याळ आलेलं असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. भाऊबीजेचा मात्र कुठे उल्लेख नाही. ओवाळणी उलट दिशेने जाते म्हणून असेल, नाहीतर हात वर करणारा मनुष्य नर्मदेपलीकडचा असेल.

पानशेतच्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारील. इथे लोक येतात ते पावसाळ्यात धरण बघायला आणि भजी खायला. ना बंदर, ना विमानतळ. पण खोऱ्यातल्या पोरांच्या वाटा लांबल्या आहेत. आजे मुंबईला गेले, बाप पुण्यापर्यंत गेले आणि नातवंडं हिंजवडीत जरा टेकून पुढे न्यू जर्सीला नि मिसिसागाला पोचली. त्यांच्यामागे लाडू-चकल्या जाणारच. या खोऱ्यातून बाहेर जाणारा सगळ्यात मोठा माल तसा पाणी. पानशेतच्या तलावात साडेदहा टीएमसीच्या वर पाणी मावतं, ते खडकवासल्यावरून पुण्याला जातं आणि त्याच्यासोबत कोणी फॉर्म भरून घेत नाही. फॉर्म आहे तो आमच्या आक्काच्या तीन किलो फराळाला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. धरणाच्या फुगवट्याच्या वर तिचं घर आहे आणि तिची लेक कॅनडात. दिवाळीआधी फराळाचा खोका घेऊन आम्ही पुण्यातल्या एका कुरियरवाल्याच्या कचेरीत गेलो. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने खोका उघडायला लावला, जिनसा बघितल्या आणि संगणकात काहीबाही शोधू लागला. प्रत्येक वस्तूला आकडा लागतो, जगातल्या यच्चयावत मालाचे असे आकडे ठरलेले आहेत. पापडाला आपल्या सीमाशुल्काच्या दरपत्रकात स्वतःचं आठ आकडी घर आहे, 19059040. पाव-बिस्किटांच्या वस्तीत राहतो तो, पण दारावर पाटी त्याच्याच नावाची. चकलीला तसं घर नाही. ती नमकीनच्या गर्दीत 'इतर' म्हणून उभी. आक्काला हे कळलं तेव्हा ती चिडली. पापड काय, उन्हात पडून वाळतो. चकलीला भाजणी लागते, मोहन लागतं, हात लागतो. नंबर कुणाला द्यायचा याची काही रीत?

खरी अडचण पुढच्या रकान्यात होती.

"मावशी, किंमत किती टाकू?"

"किंमत? आरं, लेकीला धाडतीया, इकत न्हाय."

"गिफ्टच टाकलंय, पण गिफ्टलापण किंमत लागते. पाचशे टाकू?"

इथे मुलगा चुकला. त्याला आपल्या परीने मदत करायची होती. कॅनडात साठ डॉलरपर्यंतची भेट करमुक्त जाते, म्हणजे आपले चार हजारांच्या अलीकडचे रुपये, आणि सगळा देश या रकान्यात आकडा कमी सांगतो हे त्याला रोजच्या सवयीने ठाऊक होतं. पण पाचशे ऐकून आक्काचा चेहरा बदलला. तेलाचा डबा काय भावाने आला ते तिने सांगितलं. मग डाळ, तूप, काजू, जायफळ. मग दिवसभर चुलीपुढे बसायचं, त्याचं काय? मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया माना डोलवू लागल्या. आपल्या हातच्या फराळाला पाचशेची चिठ्ठी चिकटवून सातासमुद्रापार पाठवायची आणि तिथल्या गोऱ्या साहेबाने ती वाचायची, हे तिला मंजूर नव्हतं.

"पाच हजार टाक," ती म्हणाली.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी खोक्याकडे बघितलं. कस्टमच्या इतिहासात मालाची किंमत आपणहून चढवून सांगणाऱ्या माणसांची यादी कोणी केली, तर आक्काचं नाव फार खाली जाणार नाही.

खोका पोचला आणि भाचीचा फोन आला, आईच्या नाही, माझ्या फोनवर. साठ डॉलरच्या वरच्या रकमेवर कर बसला होता, तो फार नव्हता. पण तो कर सरकारात भरून दिल्याबद्दल कुरियर कंपनीने स्वतःची दलाली लावली होती, ती कराच्या कितीतरी पट. शिवाय पैसे आधी भरून ठेवले म्हणून आणखी थोडे. दारात उभा राहून तो मनुष्य म्हणाला, पैसे द्या नाहीतर खोका परत जाईल. भाचीने दिले. "मामा, चकली सोन्याच्या भावात पडली," ती म्हणाली, "पण आईला यातलं काही सांगायचं नाही." आईला तिने कळवलं की फराळ फुकट आला आणि एकही चकली मोडली नाही. यातलं दुसरं तरी खरं असावं.

सरकारी कराबद्दल माझी तक्रार नाही. राजा म्हटला की तो काहीतरी घेणारच. मला नवल वाटतं ते त्या मधल्या माणसाचं. आपण त्याला नेमलेलं नसतं, त्याचं तोंड पाहिलेलं नसतं. तो परस्पर आपल्या वतीने सरकारदरबारी जातो, आपल्या वतीने सही करतो, पैसे भरतो आणि या उपकाराचं बिल आपल्याच दारात आणून देतो. टपालखात्यांचं तरी ठरलेलं असतं. कॅनडाच्या पोस्टाची हाताळणी 9 डॉलर 95 सेंट, इंग्लंडच्या रॉयल मेलची बरीच वर्षं 8 पौंड. खासगी कुरियरची दलाली मात्र मालाच्या किमतीप्रमाणे चढते, म्हणजे आक्काने चकलीला जितका मान दिला तितकी तिच्या लेकीला ती महाग पडली. कॅनडात म्हणे आपण स्वतः सीमाखात्याच्या कचेरीत जाऊन, नुसता कर भरून, माल सोडवून घेऊ शकतो. भाचीने चौकशी केली. एक दिवसाची रजा काढायची, थंडीत गाडी हाकायची, रांग धरायची, पावती घ्यायची, मग ती कुरियरला दाखवायची. दलाली टिकून आहे ती या दगदगीवर. दलालाला आपण पैसे देतो ते त्याच्या कामाचे थोडे आणि आपल्या आळसाचे फार.

हे भाचीला नवीन होतं, तिच्या बापाला नव्हतं. मार्केट यार्डात माल नेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला पट्टी माहीत असते. मालाची रक्कम वर लिहिलेली, आणि मग खाली हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. अडतही असायची, 2016 साली सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. वरून खाली वाचत जावं तसतसा मनुष्य गरीब होत जातो. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूर बाजार समितीत एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा विकला आणि सगळं कापून हातात आला तो दोन रुपयांचा चेक. तोही पुढच्या तारखेचा. भाऊजींनी परदेशी दलालीचं ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "फकस्त येकच कापणारा हाय का?"

उलट बाजूने येणाऱ्या पार्सलची कथा निराळी. त्याच हिवाळ्यात भाचीने आईसाठी एक जाड लोकरी कोट पाठवला. परदेशातून स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या वस्तूवर आपल्याकडे कित्येक वर्षं जे शुल्क होतं त्याचा हिशोब मी मुद्दाम मांडून पाहिला आहे. शंभर रुपयांच्या वस्तूवर 35 रुपये मूळ शुल्क. त्या पस्तीसवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, साडेतीन रुपये. झाले 138 रुपये 50 पैसे. आता या सगळ्या रकमेवर, म्हणजे वस्तूवर, शुल्कावर आणि समाजाच्या कल्याणावरही, 28 टक्के जीएसटी. सगळ्या करांची बेरीज 77 रुपये 28 पैसे. ते सत्त्याहत्तर रुपये मला एक वेळ समजतात. वरचे 28 पैसे बघितले की खात्यात कोणीतरी गणिताचा जुना मास्तर बसलाय याची खात्री पटते.

पण आक्काचा कोट शुल्काने अडला नाही. तो अडला तिच्या सावधपणाने. तिच्या फोनवर संदेश आला की तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे, आधार कार्ड पाठवा, शुल्क भरा, खालच्या लिंकवर टिचकी मारा. आता या मजकुराबद्दल गेली काही वर्षं सगळा देश बायाबापड्यांच्या कानीकपाळी ओरडतो आहे. बँकेत पाटी आहे, मध्यंतरी फोन लावला की आधी इशाऱ्याची टेप वाजायची, पंतप्रधान 2024 च्या ऑक्टोबरात 'मन की बात'मध्ये डिजिटल अरेस्टवर बोलले. तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कस्टममधून बोलतोय, अशा थापांना बळी पडून भल्या शिकलेल्या माणसांनी जन्माची पुंजी घालवली. आक्का हुशार. तिने संदेश पुसला. दुसरा आला, तोही पुसला. फोन आला तेव्हा तिने समोरच्याच्या सात पिढ्या काढल्या आणि फोन आपटला. गावात चार जणींना अभिमानाने सांगितलं की चोरट्याला कसा हाकलला.

चोरटा खरा होता. म्हणजे खरोखरच कुरियरवाला होता. तोवर कोट गोदामात पडून राहिला आणि त्याच्यावर डॅमरेज चढू लागलं. खऱ्याखोट्यात फरक करायचा कसा? सीमाशुल्क मंडळ सांगतं की आमच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, तो आमच्या संकेतस्थळावर तपासा, आणि आमचा अधिकारी कोणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. हे ठीक आहे, पण कुरियरचा संदेश मंडळाचा नसतोच, त्यावर तो क्रमांक कुठून असणार. माझा स्वतःचा अनुभव असा, की खोटा कस्टमवाला फार अदबीने बोलतो. 'मॅडम' म्हणतो, थांबतो, पुन्हा समजावून सांगतो. वाक्याच्या मधेच फोन ठेवला की समजावं, मनुष्य खरा आहे.

आमच्या या डोंगरांना जकात काही नवी नाही. पानशेतच्या मागच्या अंगाला घोळ गावाकडून कावल्या घाट कोकणात उतरतो. वर कोकणदिवा पहाऱ्याला बसलेला, खाली रायगडाचा मुलूख. घाटाघाटांतून मीठ, सुकी मासळी वर यायची, धान्य खाली जायचं. वाटेत चौकी, चौकीत जकातदार. आणि परक्या मालावर कर का बसवायचा याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर शिवाजी महाराजांच्या 1671 च्या एका पत्रात आहे. कुडाळच्या नरहरी आनंदरावांना ते लिहिलंय. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि संगमेश्वराकडचं स्वराज्यातलं मीठ पडून राही. तेव्हा बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की दोन्हीकडचं मीठ एका भावाला पडलं पाहिजे. बस्स. कोणावर, किती, कशासाठी, सगळं चार ओळींत कळतं. अधिभारावर कर नाही की कर भरून दिल्याची दलाली नाही. शिवाय जकातदार समोर बसलेला असे. त्याच्याशी भांडता येई, दोन घास खाऊ घालून त्याला नरम करता येई. आज दलालाच्या नंबरवर फोन केला की बाई सांगते, हिंदीसाठी दोन दाबा.

पुण्यात आपली जकात 2013 च्या 1 एप्रिलला उठली. तिच्या जागी एलबीटी आला, तोही गेला, मग जीएसटी. रस्त्यावर थांबे राहिले. कंडक्टर अजून 'जकात नाका' म्हणून ओरडतो आणि ज्यांनी जकातीची पावती आयुष्यात पाहिली नाही अशी पोरं मुकाट उतरतात.

2025 च्या दिवाळीत तर फार मोठी गंमत झाली. अमेरिकेत 2016 पासून 800 डॉलरपर्यंतचं पार्सल बिनशुल्क जात असे. तिथल्या सरकारने ऑगस्टअखेर ही सवलत साऱ्या जगासाठी बंद केली. भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं ते 27 ऑगस्टपासून, नेमकी त्याच दिवशी गणेशचतुर्थी. शंभर डॉलरच्या आतली घरगुती भेट कागदावर सुटलेली होती. पण शुल्क वाहतूकदाराने आधीच गोळा करून भरायचं असा हुकूम, आणि ते गोळा कसं करायचं, कोणाकडे भरायचं हे कोणालाच नीट ठाऊक नाही. विमान कंपन्यांनी पोस्टाच्या थैल्या उचलायचं नाकारलं. भारतीय टपालखात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवलं, आधी पत्रं आणि छोट्या भेटी वगळून, मग आठवड्याभरात तेही. बर्नच्या जागतिक टपाल संघाने सांगितलं की अमेरिकेकडे जाणारं टपाल 80 टक्क्यांहून जास्त घसरलं. हा संघ 1874 साली स्थापन झाला तो टपालापुरतं सगळं जग एकच मुलूख मानायचं या कल्पनेवर. दीडशे वर्षं ती कल्पना महायुद्धांतूनही कशीबशी चालली आणि एका फॉर्मपाशी येऊन अडली.

माझा एक पुतण्या न्यू जर्सीत असतो, त्याचा डबा घरीच राहिला. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला, वसुबारस दोन दिवसांवर असताना. लाडू पोचले तेव्हा तिकडे तुळशीची लग्नं लागत होती. त्याला शेतातले इंद्रायणी तांदूळही हवे होते, त्याचा तर प्रश्नच नव्हता. खपरा भुंगेरा नावाच्या चिमुकल्या किड्याच्या धास्तीने अमेरिकेने 2011 पासून आपल्यासारख्या देशांतून टपालाने किंवा सामानातून तांदूळ आणायला मनाई केली आहे. हे मी एका जाणत्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भुंगेऱ्याला जमलं ते कोणत्या पुढाऱ्याला जमलं नाही.

या सगळ्यावर मराठी माणसाने शोधलेला उपाय जुनाच आहे. कोणी जाणारं आहे का? पोरं परदेशी असलेल्या आईबापांमध्ये ही चौकशी अखंड चालू असते. लग्नात, बाराव्याला, एसटीत. जाणारा सापडला की त्याच्या तारखेची बातमी खोऱ्यात अशी पसरते की त्याच्या सासरी उशिरा कळते. तेवीस किलोच्या दोन बॅगा त्याच्या, पण त्यांत त्याचे स्वतःचे कपडे किती जातील हे त्याच्या हातात नसतं. विमानतळावर तिकडे उतरल्यावर सगळं नीट सांगायचं, दाखवायचं, कर बसला तर भरायचा, आणि वर कोणा अनोळखी बाईच्या गोडा मसाल्याची पुडी तिच्या लेकीच्या हाती नेऊन द्यायची. या दलालाची फीही ठरलेली. जायच्या आधी घरी जेवायला बोलवायचं, पुरणपोळीपेक्षा कमी काही चालत नाही, आणि त्याच्यासाठी स्वतंत्र डबा भरायचा. पुष्कळदा तो डबा मूळ मालाहून मोठा होतो. कोणी पावती मागत नाही आणि घासाघीस होते ती एकच, अजून एक पोळी वाढू का नको.

सध्या आमच्याकडे वरच्या वाडीतल्या एका बँकवाल्यांचा मुलगा जाणारा आहे, टोरांटोला. आक्काने त्याच्यासाठी ताणकाटा आणून ठेवलाय आणि रोज खोका त्याला अडकवून बघते. परवा काटा साडेचार किलो दाखवत होता. मी म्हटलं, "आक्का, तो फक्त दोन किलो नेतो म्हणालाय."

"ती माझी दोन न्हवं का," ती म्हणाली. "आडीच किलो त्येच्या घरची हायेत. आन् इचारून ठेव, त्येच्या बायकूला तिखाट चालतं का."